हलकी पेटी

डिसेंबर उजाडला की जिल्ह्यातल्या कचेऱ्यांमध्ये एकच शब्द फिरू लागतो : उद्दिष्ट. सात तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. 1949 पासून ही रीत आहे. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा छोटासा झेंडा छातीला लावून घ्यायचा, एक पट्टी भूदलाची, एक नौदलाची, एक हवाई दलाची, आणि पेटीत जमेल तेवढे पैसे टाकायचे. कल्पना किती साधी! पण ती कचेरीत शिरली की तिला उद्दिष्ट चिकटतं. जिल्ह्याला उद्दिष्ट, तालुक्याला उद्दिष्ट, शाळा-कॉलेजांना उद्दिष्ट. मग कुठलासा दाखला काढायला आलेल्या शेतकऱ्याच्या हातात दाखल्याबरोबर स्टिकरही पडतो. "हे कशाचं?" असं त्यानं विचारलंच, तर "घ्या हो, झेंड्याचं आहे," एवढ्यावर त्याची बोळवण होते. पैसा चांगल्या कामाला जातो यात शंका नाही, पण घ्यायची ही तऱ्हा मला कधी पटली नाही. असो, गोष्ट वेगळीच सांगायची आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज आहे आणि कॉलेजात एनसीसी आहे. एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीनं शिफारस केली आणि 1948 साली कायदा होऊन ती उभी राहिली. कॅडेटला लढाईवर पाठवता येणार नाही हे त्या कायद्यातच आहे. पण साताऱ्याकडच्या पोरांना हे सांगून काय उपयोग? त्यांच्या डोळ्यांपुढे भरतीच असते. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे 46 जवान कामी आले, गावाचं नावच पुढे अपशिंगे मिलिटरी पडलं. अशा मुलखात 'सी' सर्टिफिकेट हातात असलं की भरतीत गुण वाढून मिळतात, हे पोराआधी त्याच्या बापाला ठाऊक असतं. बाकी काही पोरं परेडनंतरच्या नाश्त्यासाठीही येतात. दोन केळी आणि वडापाव. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहाटे पाचची एसटी धरून आलेलं पोट अनुशासनाआधी खाऊ मागतं.

या पलटणीत एक मुलगी होती, तिला सगळे सार्जंटच म्हणत. फितीवर तीन पट्टे आले त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. आवाज असा खणखणीत, की तिनं मैदानावर 'सावधान' दिलं की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालाही पाय टेकायचा. आणि एक मुलगा होता, त्याला म्हणत बायें. 'दाहिने मुड़' म्हटलं की पलटण उजवीकडे वळायची आणि हा डावीकडे. पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच असं होतं, याचं दुसऱ्या वर्षापर्यंत चाललं होतं. बूट मात्र आरशासारखे चकचकीत आणि बेरेटवरचा लाल तुरा सरळ. संध्याकाळी तो मामाच्या ऑनलाइन सेवा केंद्रात बसायचा. सातबारा, पीकविमा, आधारचा पत्ता बदलणं, असली कामं त्याच्या बोटांना पाठ होती. पण परेडच्या मैदानावर ही विद्या कोण विचारतो?

ध्वजदिनाच्या आदल्या दिवशी सरांनी पेट्या वाटल्या. सर म्हणजे कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक, आणि एनसीसीच्या कागदावर लेफ्टनंट. माणूस सरळ, पण प्राचार्यांनी उद्दिष्टाचा आकडा त्यांच्या टेबलावर ठेवला होता, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. त्यांनी युक्ती काढली. ज्याची पेटी सगळ्यात जड, तो 26 जानेवारीला तहसीलच्या मैदानावर संचलनात पलटणीच्या पुढे चालेल. पोरांचे डोळे चमकले. सार्जंटनं तर पेटी उचलून लगेच कमरेशी धरून पाहिली.

"थांबा," उस्ताद म्हणाले. उस्ताद म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले हवालदार. शिकवायला येणाऱ्या फौजी माणसाला पोरं उस्तादच म्हणतात. "पेटी उचलायच्या आधी एक सवाल. कुणी विचारलं, हा पैसा कुठं जातो, तर काय सांगणार?"

"सैनिकांना, उस्ताद!" तीस गळे एकदम.

"मी सैनिक आहे. मला नाही मिळत. मला पगार आहे. पुढं बोला."

पुढं कुणालाच बोलता येईना. एक जण म्हणाला, बंदुका घ्यायला. उस्तादांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी पोरांना खाली बसवलं आणि सांगितलं. सरकार बंदुका आपल्या पैशानं घेतं, हा पैसा माणसांसाठी आहे. लढाईत माणूस गेला तर त्याच्या मागच्यांसाठी. कमरेखालचं अंग लुळं पडलं तर खडकीला जे पॅराप्लेजिक केंद्र आहे, तिथल्या जवानांसाठी. "तुमच्या शेजारच्या सांगलीचे मुरलीकांत पेटकर, 65 च्या लढाईत गोळ्या लागल्या, 72 साली जर्मनीत पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण आणलं. त्यांच्यावरचा सिनेमा पाहिलात ना सगळ्यांनी? त्यांच्यासारखं पोहायला सगळ्यांनाच जमत नाही. कित्येक जण खुर्चीतच आहेत." आणि शेवटी त्यांनी जे सांगितलं, ते त्या दिवशी फारसं कुणी ऐकलं नाही, कारण तोवर नाश्त्याचा टेम्पो फाटकातून आत आला होता : "पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत घरी आलेल्या जवानाला पेन्शन नसते. म्हातारपणी तो, नाहीतर त्याची विधवा, कशावर जगते ते कुणी विचारत नाही. त्यांच्यासाठीही यातूनच जातं."

सात तारखेला सकाळी पोरं पांगली.

सार्जंटचं डोकं बघा. बाकीचे एसटी स्टँड नि बाजारपेठेत एकमेकांच्या पायात येत होते, आणि ही सायकल मारत गेली ती थेट साखर कारखान्यावर. डिसेंबर म्हणजे गाळपाचे दिवस. वजनकाट्यासमोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग अर्धा कोस लागलेली. ड्रायव्हर कंटाळून ट्रॉलीच्या सावलीत आडवे. त्यांना ना पळायला जागा, ना दुसरं काम. ही एकेकापुढे जाऊन कडक सॅल्यूट मारायची आणि म्हणायची, "मामा, फौजेचा झेंडा." सॅल्यूट मिळालेला माणूस दहाची नोट काढायला गेला तरी हाताला पन्नासची लागते. दुपारपर्यंत पेटी वाजायची बंद झाली, इतकी भरली. फक्त एकदा तिची लय तुटली. काट्यावरचा म्हातारा राखणदार, अंगात विटलेली हिरवी जर्सी, कोपरावर ठिगळ, तिच्याजवळ येऊन म्हणाला, "पोरी, ह्यातलं मला काय मिळंल का गं?" तिला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसली. "आजोबा, आज द्यायचं असतं," म्हणाली आणि सरकलेल्या रांगेमागे पळाली.

बायेंच्या वाट्याला उरलेली गावं आली होती, डोंगराच्या अंगाची. एसटीतून उतरला तेव्हा पारावर चार म्हातारे आणि एक कुत्रं. म्हाताऱ्यांनी मिळून साठ रुपये दिले. किराणा दुकानदारानं वीस दिले आणि उधारीच्या वहीत लिहिले. कुणाच्या नावावर, ते कळलं नाही. मग गावात दारं वाजवत तो एका पडवीपाशी आला. भिंतीवर गणवेशातल्या माणसाचा फोटो, त्याला वाळलेला हार. खाली आजी तांदूळ निवडत बसलेली.

"आलास व्हय," आजी म्हणाली. "कवाधरनं वाट बघतीया. बस. माज्या जित्तेपनाचा दाखला तूच काढनार न्हवं?"

"नाही आजी, मी झेंड्याचा..."

"झेंड्याचं मागनं. आदी माजं बग."

गोष्ट अशी होती. पेन्शनवाल्याला वर्षातून एकदा आपण हयात असल्याचं कळवावं लागतं. पूर्वी आजी बँकेत जायची, साहेबापुढे उभी राहायची, अंगठा द्यायची, संपलं. आता फौजेच्या पेन्शनी 'स्पर्श' नावाच्या संगणकातून निघतात, त्याचा कारभार दूर प्रयागराजला. अंगठ्याचं म्हणाल, तर खुरपून खुरपून आजीच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. यंत्र तिला ओळखतच नसे. गेल्या साली याच पायी दोन महिने पेन्शन अडकली. लेक पुण्याला असतो. दिवाळीत आला तेव्हा "करू आई" म्हणाला, भाऊबीज झाली, गेला. नोव्हेंबर सरला.

बायेंनं पेटी उंबऱ्यावर ठेवली. चेहऱ्यावरून दाखला निघायचं ॲप त्याच्या मोबाइलमध्ये होतंच, मामाच्या दुकानात त्यानं ते कितीदा चालवलं होतं. आजीनं ट्रंक उघडली. आत नवऱ्याचा मफलर, मफलरात पिशवी, पिशवीत पेन्शनचे कागद. नंबर भरला, आधार भरला, आणि त्यानं मोबाइल आजीसमोर धरला.

"आजी, इथं बघा. आता डोळे मिटा आणि उघडा."

आजीनं मिटले, ते मिटूनच बसली.

"उघडा ना."

"तू म्हनलास मिट."

दुसऱ्यांदा तिनं फार भरभर उघडझाप केली, तिसऱ्यांदा पडवीवरचं ऊन मोबाइलवर आलं. चौथ्यांदा तिला हसूच आलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे पापणी अर्धीच मिटायची. बायेंनं तिला आत नेलं, गोठ्याच्या बाजूची खिडकी उघडली, पाठीमागं पांढरी चादर धरायला शेजारच्या सुनेला उभं केलं.

"आरं, म्हंजी डोळं मिटलं तरच मी जित्ती हाय म्हनून कळतंय व्हय त्याला? उलटाच कारभार!" आजी म्हणाली आणि बोलता बोलता तिची पापणी अशी सहज लवली की मोबाइलनं ती टिपली. पडद्यावर हिरवी खूण आली.

खेड्यात बातमी पायांनी चालत नाही. अर्ध्या तासात पडवी भरली. हिचा लेक मुंबईत, तिचा नातू ऐकत नाही, एकीला तर सेवा केंद्रवाल्यानं दोनशे रुपये मागितले होते. आणि त्यातच काठी टेकत एक निवृत्त सुभेदार आले.

"कोण रे तू? बँकेनं सांगितलंय, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. आणि तू इथं बायकांचे आधार नंबर घेत बसलायस?"

बायें ताडकन उठला. "कॅडेट, सर. एनसीसी." ओळखपत्र पुढं केलं.

"ओळखपत्रं बाजारात छापून मिळतात. सावधान! ... दाहिने मुड़!"

घाबरगुंडी उडालेला बायें वळला, डावीकडे. बायका खो खो हसल्या. सुभेदारांनी क्षणभर त्याच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं आणि काठी भिंतीला टेकवून ते खाली बसले. "खरा आहे. चोर असता तर पाठ करून आला असता. घे, माझाही काढ. पण ओटीपी मीच टाकणार."

यात मला सुभेदारांचंच कौतुक वाटतं. भल्या पोरालाही तपासून घ्यावं, आणि भल्या पोरानं त्याचा राग मानू नये.

दुपार कलली. बायकांची रांग संपली तरी एक जण पडवीच्या खांबाला धरून उभी होती. तिला सगळे अक्का म्हणत. सत्तरीची असेल. तिच्या हातात लाल कापडात बांधलेलं काहीतरी होतं.

"अक्का, तुमचा पेन्शनचा कागद?"

"मला कुठली आलीया पेन्शन? ह्यांनी नऊ वरसं क्येली अन् सोडून आलं. बाप आंथरुनाला खिळलेला, शेती कुनी बगायची? मी आपलं नुसतं बगाय आले." ती वळली.

पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत. बायेंच्या कानात उस्तादांचं वाक्य वाजलं, टेम्पोच्या हॉर्नसकट. "अक्का, थांबा. ते कापडात काय आहे?"

डिस्चार्ज बुक होतं. पानं पिवळी पडलेली, पण नाव, पलटण, भरतीची तारीख, सुटकेची तारीख, सगळं वाचता येत होतं. पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला आणि त्याच्या विधवेला दरमहा मदत मिळू शकते. सैनिक कार्यालयातली माणसं तिला पेन्युरी ग्रँट म्हणतात. ती येते ध्वजदिनाच्या याच निधीतून. अर्ज जातो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. बायेंनं मोबाइलवर नियम उघडून दोनदा वाचले, मग सुभेदारांना वाचून दाखवले. सुभेदार म्हणाले, "मी इतकी वर्षं ध्वजदिनाला शंभर रुपये देतोय. आणि ही माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते."

अक्काला हे सगळं नीट उमगलं की नाही, कोण जाणे. तिनं कनवटीची दहाची नोट काढली आणि पेटीकडे वाकली. बायेंनं पटकन भोकावर हात ठेवला.

"अक्का, तुम्ही नाही द्यायचं. हे तुमच्यासाठीच आहेत."

अक्काचा चेहरा एकदम कडक झाला. "काड हात. नऊ वरसं म्हंजी काय नोकरी न्हवं? त्यांच्या झेंड्याला मी पैसं दिऊ नकू? मिळंल तवा मिळंल. ह्ये माजं हाय."

त्यानं हात काढला. नोट आत गेली. झेंडा लावताना टाचणी तिच्या जुनेराच्या पदरात नीट बसेना, म्हणून तिनं स्वतःच ती घेतली आणि फोटोत बाई पदक लावते तशी, छातीवर सरळ खोचली.

शेवटची एसटी धरून बायें कॉलेजवर पोचला तेव्हा पेट्या फुटल्या होत्या आणि नोटांच्या गड्ड्या लागत होत्या. सार्जंटच्या पेटीच्या जवळपासही दुसऱ्या कुणाची नव्हती. बायेंची पेटी उघडली. दोनशे सत्तर रुपये, त्यात चिल्लर जास्त.

"दिवसभर काय करत होतास?" सरांनी विचारलं.

"गावात होतो सर. पडवीत बसलो होतो."

हशा पिकला. सार्जंटला राग आला. तिच्या मानेवर उन्हाचे चट्टे उठले होते. "आम्ही रस्त्यावर उभे राहिलो, आणि हा पडवीत मोबाइल खेळत बसला!"

बायेंनं खिशातून पावतीपुस्तक काढलं. मागच्या कोऱ्या पानावर त्याच्या वाकड्या अक्षरात नावं होती. सात जणांचे हयातीचे दाखले, पुढे बरोबरची खूण. आठवं नाव अक्काचं, पुढे प्रश्नचिन्ह आणि 'डिस्चार्ज बुक आहे'. उस्तादांनी पुस्तक घेतलं, दिव्याखाली धरून वाचलं, सरांपुढे ठेवलं.

सरांनी चष्मा पुसला. खरं बोलणारे गृहस्थ होते, म्हणून खरंच बोलले. "उस्ताद, मला प्राचार्यांना आकडा द्यायचा आहे, प्राचार्यांना तहसीलला. या कामाला त्या तक्त्यात रकानाच नाही."

"नसू दे सर. तक्ता त्यांचा आहे." मग ते पोरांकडे वळले. "आज तुम्ही तीस जण फिरलात. ज्याच्यासाठी ही पेटी आहे, असा माणूस आणखी कुणाला भेटला?"

कुणी हात वर केला नाही. सार्जंटनं वर केला, अर्धाच, आणि पुन्हा खाली घेतला. ती विटकी जर्सी तिच्या डोळ्यांपुढे आली होती, ठिगळासकट. ह्यातलं मला काय मिळंल का गं? त्या माणसानं चेष्टा केलीच नव्हती. तो विचारत होता. अख्ख्या दिवसात तिला एवढा एकच सवाल कुणी केला होता, आणि उस्तादांनी आदल्या दिवशी नेमका तोच शिकवला होता.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहिला तास बुडवून ती कारखान्यावर गेली. राखणदार रात्रपाळी करून घरी गेला होता. घर शोधून काढायला तिला दुपार झाली. म्हातारा बाजेवर पडला होता, तिला बघून दचकला, नोकरीची काही तक्रार आली की काय म्हणून.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमचं डिस्चार्ज बुक कुठंय?"

यानंतरचं फार लांबवण्यात अर्थ नाही. 26 जानेवारीला सार्जंटच पुढे चालली. नियम तो नियम, आणि पेटी तिचीच जड होती. बायें त्या संचलनात नव्हता. सरावाला तिसऱ्यांदा उलटा वळल्यावर उस्तादांनीच त्याला काढला. चांगलं काम केलं म्हणून वाकडं वळणं सरळ होत नाही, आणि ते सरळ झाल्याचं सोंगही उस्तादांनी केलं नाही.

पण रविवार बदलले. सार्जंटनं तालुक्याचा नकाशा फळ्यावर काढला आणि गावं वाटली. हे काम तिला बायेंपेक्षा दसपट चांगलं येत होतं. बायेंला एक गाव करायला एक दिवस लागला होता, तोही अपघातानं. ही सरपंचाला आधी फोन करायची, गावात दवंडी द्यायला लावायची, माजी सैनिक संघटनेच्या माणसाला सोबत घ्यायची. कुणाच्या घरी जायचं, कागद कोणते मागायचे, आणि ज्याच्या मोबाइलवर ओटीपी आला त्याचा त्यानंच टाकायचा, हे तिनं पोरांकडून घोकून घेतलं. सुभेदारांचा धडा तिला ऐकूनच पटला होता. बायेंनं आठ जणांना ॲप शिकवलं. चादर धरायची पद्धतही शिकवली. उस्तादांनी रविवारच्या परेडचा नाश्ता गावात न्यायची परवानगी दिली. एका म्हाताऱ्या विधवेनं पोरांना वडापाव खाताना पाहून घरातून भाकरी-पिठलं आणलं, आणि त्या दिवसापासून टेम्पोतला वडापाव कुणाला गोड लागेना, असं ऐकतो. यात थोडी अतिशयोक्ती असावी. पोरं वडापाव सोडत नसतात.

फेब्रुवारीत सार्जंट आणि बायें साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. गणवेश कडक इस्त्रीचे. सार्जंटच्या काखेत जाड फाइल. बाकावर चारपाच माजी सैनिक, एक बाई तान्ह्या नातवाला घेऊन. टेबलामागच्या बाबूंनी लाल तुरे पाहिले आणि न विचारताच हात दाखवला.

"ध्वजदिनाचे ना? उशीर केलात कॉलेजवाल्यांनी. चेक असेल तर पलीकडच्या टेबलावर. रोख घेत नाही."

"चेक प्राचार्यांनी डिसेंबरातच पाठवला, सर," सार्जंट म्हणाली. "आम्ही भरायला नाही आलो. मागायला आलोय."

बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "किती?"

"अकरा अर्ज. सगळे पेन्शन नसलेले. सात विधवा, चार जवान." तिनं फाइल टेबलावर ठेवली. सगळ्यात वर अक्काचा अर्ज होता, त्याखाली कारखान्यावरच्या राखणदाराचा.

बाबूंनी पहिला अर्ज उलटला, दुसरा उलटला, मग खुर्ची पुढे ओढून तिसरा नीट वाचायला घेतला. बाकावरचा एक म्हातारा उठून मागून डोकावू लागला आणि हळूच म्हणाला, "आमच्या गावाला कधी येताय रं?"

"डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स एकेकच लावल्यात," बाबू म्हणाले. "दोन-दोन लागतील."

सार्जंटनं मागं न बघताच हात केला. "बायें, खाली झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेर पडलास की उजवीकडे." मग थांबून तिनं बोटानं दिशा दाखवली.